फायबरग्लासच्या टाक्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला रडार अँटेनाचे कवच, म्हणजे रेडोम, बनवता येईल का? मजबुतीसाठी जाडी थोडी वाढवली तर चालेल का?

बनवता येईल. जाडी वाढवलेली मात्र चालणार नाही. रेडोमची जाडी अँटेनाच्या फ्रिक्वेन्सीवरून ठरते, आणि ज्या कारखानदाराला हे पटत नसेल त्याने या कामाच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे एक्स-बँड (रडारच्या फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा) अँटेनाच्या कव्हरची चौकशी आली आहे आणि रसायनांच्या टाक्यांचा अनुभव हाताशी आहे, असे आपण लिहिले आहे. नेमकी हीच परिस्थिती आमच्या कारखान्यात येऊन गेली आणि त्यावरून घरात वादही झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी आणि माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मिळून कारखाना चालवतो. डाइंगवाल्यांच्या टाक्या, डक्ट, झाकणे हे आमचे रोजचे काम, आणि या धंद्यात बराचसा माल किलोच्या भावाने जातो हे आपल्याला ठाऊक आहेच. अशात बाहेरगावच्या एका कंपनीकडून 9.375 गिगाहर्ट्झच्या अँटेनासाठी घुमटाकार कव्हरची ऑर्डर आली. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी 32 मिलिमीटर असते. आमच्या काच-इपॉक्सी लॅमिनेटचा, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या थरांचा, डायइलेक्ट्रिक स्थिरांक चाचणीच्या प्लेटवर 4.3 आला होता; हा आकडा जितका मोठा, तितकी त्या पदार्थात तरंगलांबी आखूड होते. 32 ला 4.3 च्या वर्गमुळाने आणि मग दोनने भागले की 7.7 मिलिमीटर येतात. एवढ्या जाडीत लॅमिनेटमधली अर्धी तरंगलांबी बसते, त्यामुळे बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि जवळजवळ सगळी शक्ती पार जाते. ड्रॉइंगवर हीच जाडी होती.

पहिला नग तयार होत असताना त्या कंपनीचे खरेदी अधिकारी कारखान्यात आले. त्यांनी कडेवर अंगठा दाबून पाहिला, शेजारची टाकी पाहिली आणि विचारले, "टाकीपेक्षा हे पातळ कसे? याच भावात दुसरे लोक जाड देतात." सोलापुरात चादर हातात तोलून वजनावरून पारखतात, तशीच ही पारख होती; चादरीला ती शोभते. अण्णांनी जागेवरच शब्द दिला की दोन मिलिमीटर वाढवून देतो. मी विरोध केला, ड्रॉइंगवरचा आकडा दाखवला आणि त्या कंपनीला तसे लेखीही कळवले. पण ग्राहकच मागतो आहे म्हटल्यावर माझे कोणी ऐकले नाही.

तो नग त्यांच्याच चाचणीत नापास झाला आणि दोष आमच्या रेझिनवर आला. पुढे त्याच रेझिनमध्ये, काचतंतूंच्या त्याच मॅटमध्ये ड्रॉइंगप्रमाणे केलेला नग पास झाला. तरीही अण्णा आजतागायत म्हणतात की पहिल्या वेळी रेझिनचा लॉट खराब होता, दोन मिलिमीटरने काय होते?

काय होते ते आकड्यांतच सांगतो. 7.7 ऐवजी 9.7 मिलिमीटर केले की सरळ पडणाऱ्या लहरीची साधारण पाव शक्ती परत फिरते. रडारची लहर कव्हरमधून दोनदा जाते, एकदा जाताना आणि एकदा प्रतिध्वनी घेऊन येताना, त्यामुळे हाती जेमतेम 56 टक्के उरते, आणि त्यात लॅमिनेटमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती धरलेलीच नाही. परत फिरलेली शक्ती मॅग्नेट्रॉनकडे, म्हणजे रडारची लहर निर्माण करणाऱ्या नळीकडे, गेली तर त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, हा नुकसानीचा आणखी एक भाग. उलट कोणी काटकसर म्हणून जाडी निम्मी, म्हणजे 3.85 मिलिमीटर केली, तर परिणाम सर्वांत वाईट होतो आणि एकाच फेरीत 39 टक्क्यांच्या आसपास शक्ती परतते. जाड म्हणजे भक्कम आणि पातळ म्हणजे पारदर्शक, हे दोन्ही हिशोब इथे चुकतात. ताकद हवी असेल तर साच्यात वक्रता द्यावी, फ्लँजपाशी, म्हणजे बोल्ट लावायच्या कडेपाशी, बळकटी द्यावी. लहरीच्या वाटेतल्या भिंतीला हात लावू नये.

एका फ्रिक्वेन्सीची कृती दुसरीकडे उचलून नेता येत नाही. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात ढगांच्या प्रयोगासाठी सोलापुरात जे रडार चालले ते सी-बँडचे, म्हणजे एक्स-बँडपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीचे होते; 5.6 गिगाहर्ट्झ धरले तर तीच भरीव भिंत 13 मिलिमीटरच्या जवळ जाते. मोठ्या घुमटांना म्हणूनच दोन पातळ थरांमध्ये फोम किंवा हनिकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) घालून सँडविच करतात, आणि त्यात फोमची जाडीही तितकीच काटेकोर लागते.

आता बनवण्याविषयी. रोलरने हाताने लेयर टाकण्याची टाकीची पद्धत एक्स-बँडच्या भरीव भिंतीला पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काचेचा स्थिरांक सहाच्या वर असतो, रेझिनचा तीनच्या आसपास. कारागिराने एका ठिकाणी रेझिन जास्त ओतले की तिथे जाडीही बदलते आणि स्थिरांकही. व्हॅक्यूम इन्फ्यूजन करा, म्हणजे कोरड्या मॅटमधली हवा खेचून त्यात रेझिन ओढून घ्या, आणि त्याच मॅटची, त्याच रेझिनची प्लेट करून मोजून घेतल्याशिवाय साच्याला हात लावू नका. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रेझिन बादलीतच घट्ट होऊ लागते, म्हणून मिश्रण पहाटे करतो. घाईत अडकलेला बुडबुडा टाकीत खपतो, इथे खपत नाही.

कार्बन फायबर, कार्बन ब्लॅक (काजळी) घातलेला काळा जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, आणि चंदेरी मेटॅलिक रंग पूर्णपणे वर्ज्य. रंगाचा थरही जाडीच्या हिशोबात धरावा आणि तो पाणी झटकणारा असावा, कारण पाण्याचा स्थिरांक लॅमिनेटच्या दहापटीहून अधिक असतो आणि कव्हरवर पसरलेला पाण्याचा सलग पापुद्रा ऐन पावसातच हवामान रडारला आंधळे करतो.

वरचे आकडे लहर काटकोनात पडते तेव्हाचे आहेत, हे आधीच सांगायला हवे होते. घुमटाच्या मध्यावर अँटेना असेल तर ते चालतात. कव्हर टोकदार असेल आणि लहर 60 अंशांनी पडत असेल, तर तेच लॅमिनेट साडेआठ मिलिमीटर लागेल. तसेच सी-बँडहूनही कमी फ्रिक्वेन्सीच्या एस-बँडच्या लहान कव्हरला दोन-तीन मिलिमीटरची साधी पातळ भिंत पुष्कळदा पुरते, तिथे हाताचे कामही चालून जाते. त्यामुळे ग्राहकाकडून फ्रिक्वेन्सी, अँटेनाची जागा आणि किती नुकसान चालेल हे लेखी घ्या. कोटेशन नगावर द्या, किलोवर नव्हे, आणि त्यात जाडी दशांश मिलिमीटरपर्यंत लिहा, म्हणजे पुढे खरेदी खात्याने किंवा आपल्याच भागीदाराने दोन लेयर वाढवायला सांगितले तर नव्या ड्रॉइंगवर सही मागता येते.