वाचकांचे प्रश्न : मोडेम विकत घ्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिथे त्याने केबल कंपनीचा भाड्याचा मोडेम परत करून स्वतःचा विकत घेतला आणि त्यामुळे त्याचे दर महिन्याचे पैसे वाचू लागले. दिवाळीत तो नागपूरला येणार आहे आणि त्याच्याकडचा एक जुना, पण चालू स्थितीतील मोडेम आमच्यासाठी आणतो म्हणतो. आमच्याकडे कंपनीने इंटरनेटची पेटी बसवताना अनामत रक्कम घेतली होती, शिवाय बिलात उपकरणाचे भाडेही लागते, आणि इतके करून मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. मुलाचा मोडेम लावावा, इथेच नवा घ्यावा, की आहे ते चालू द्यावे?
– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मुलाला तो मोडेम आणू नकोस असे आजच कळवावे. त्याने तिथे केले ते शहाणपणाचेच आहे, पण त्याच्या शहाणपणाला जो आधार आहे तो नागपुरात बहुतेक घरांना उपलब्ध नाही.

अमेरिकेत घरगुती इंटरनेटचा मोठा भाग टीव्हीच्या केबलवरून, म्हणजे मधोमध तांब्याची तार असलेल्या जाड, गोल कोॲक्सियल केबलवरून येतो. या केबलवरून इंटरनेट कसे न्यायचे याचे एक सामाईक तांत्रिक प्रमाण आहे. त्याला डॉक्सिस म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये, ३.० ही २००६ मध्ये आणि ३.१ ही २०१३ मध्ये आली. प्रमाण सामाईक असल्यामुळे मोडेम, म्हणजे बाहेरून आलेल्या तारेवरचे संदेश घरातल्या उपकरणांना समजतील असे करणारी पेटी, कोणत्याही उत्पादकाचा असला तरी चालतो, फक्त तो कंपनीच्या मान्य यादीत असावा लागतो. ग्राहक दुकानातून तो आणतो, त्याच्या तळाशी छापलेला मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, कंपनीला कळवतो आणि कंपनी तो त्याच्या खात्यावर नोंदवते. मोडेमचे भाडे तिथे साधारण दहा ते पंधरा डॉलर महिना असते, त्यामुळे विकत घेतलेल्या मोडेमची किंमत वर्षा-दीड वर्षात वसूल होते. ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असताना कंपनीने त्याच्याकडून भाडे घेऊ नये, असा कायदाही तिथे २०१९ मध्ये झाला आणि डिसेंबर २०२० पासून ती तरतूद अमलात आली.

तोच मोडेम आपल्याकडे कोॲक्सियल केबलवरून इंटरनेट घेणाऱ्या घरातही बिनबोभाट चालेल असे समजू नये. अमेरिकेतील केबलवर एकेक वाहिनी ६ मेगाहर्ट्झ रुंदीची असते, तर आपली केबल व्यवस्था युरोपीय वळणाची, ८ मेगाहर्ट्झ वाहिन्यांची आहे; घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या संदेशांसाठी राखलेला पट्टाही दोन्हीकडे सारखा नाही. त्यात येथील कंपनीने तो मॅक पत्ता नोंदवून घेण्याचे मान्य केले नाही, तर मोडेम दिवे लुकलुकवत बसेल आणि इंटरनेट मिळणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे भिंतीतून आत येणारी तार कोणती आहे हे आपल्या पत्रात लिहिलेले नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. पेटीच्या मागे पाहावे. तार जाड, काळी आणि टोकाला फिरवून घट्ट करायची धातूची पिन असलेली असेल, तर ती कोॲक्सियल केबल आणि पेटी हा केबल मोडेम. टेलिफोनची बारीक चपटी पिन असेल, तर ती जुनी तांब्याची जोडणी. तार शिवणकामाच्या दोऱ्यापेक्षा थोडीच जाड आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा असेल, तर ते फायबर. ते टोक उपसून डोळ्यासमोर धरू नये, कारण त्यातून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. फायबरच्या पेटीला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. चौथा प्रकार फ्लॅट स्कीममध्ये बराच आढळतो : जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून प्रत्येक घरात साधी लॅनची तार. या चौथ्या प्रकारात घरात मोडेम नसतोच, असतो तो फक्त राउटर, म्हणजे आलेले इंटरनेट वायफायने घरभर वाटणारी पेटी. त्यामुळे मोडेम घेण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि राउटर मात्र आपण आपल्या पसंतीचा लावू शकतो.

आपली जोडणी फायबरची असण्याची शक्यता अधिक वाटते, म्हणून तिच्याबद्दल विस्ताराने लिहितो. फायबरमध्ये रस्त्याच्या कडेच्या एका तारेतून अनेक घरांना फाटे फुटतात, त्यामुळे कोणते संदेश कोणाचे हे ओळखण्यासाठी कंपनी प्रत्येक ओएनटीचा क्रमांक आपल्या यंत्रणेत नोंदवून ठेवते. नोंद नसलेला ओएनटी जोडला तर तो कंपनीच्या यंत्राशी बोलूच शकत नाही. त्यातही जीपॉन आणि ईपॉन अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि एकीचा ओएनटी दुसरीला चालत नाही. दोन्हींना चालणारे उपकरण एक्सपॉन या नावाने विकले जाते. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत ग्राहकाने स्वतःचा ओएनटी आणण्याची चाल बरीच रूढ आहे, पण तिथेही आधी स्थानिक फ्रँचायझीला पद्धत विचारून मगच खरेदी करावी. अन्य कंपन्यांपैकी अनेक जणी परक्या ओएनटीची नोंदच करत नाहीत. शिवाय त्याच पेटीच्या मागे लँडलाइन फोन जोडलेला असेल, तर पेटी बदलताच फोन मुका होऊ शकतो.

मला हे विजेच्या मीटरसारखे वाटते : मीटर वीज कंपनीचा असतो आणि त्यात हात घालण्यात अर्थ नसतो, पण मीटरच्या पुढचे वायरिंग आणि पंखे आपले असतात. ओएनटी कंपनीचा राहू द्यावा आणि पैसे खर्च करायचेच असतील तर त्याच्या पुढे बसणाऱ्या स्वतःच्या राउटरवर करावेत. आपली खरी तक्रारही मागच्या खोलीतील वायफायची आहे, आणि मोडेम बदलून ती मिटणारी नाही.

खरेदीपूर्वी एक चाचणी करावी. लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट कंपनीच्या पेटीला जोडून वेग मोजावा, आणि मग मागच्या खोलीत वायफायवर मोजावा. तारेवर पूर्ण वेग आणि खोलीत अपुरा, असे निघाले तर दोष वायफायचा आहे. तारेवरच वेग कमी असेल, तर कितीही महागडा राउटर आणून उपयोग नाही. तक्रार कंपनीकडेच करावी.

राउटर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. तो ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असावा, २.४ चा पट्टा भिंतींतून लांब जातो, पण शेजाऱ्यांच्या राउटरांनी तो गजबजलेला असतो, तर ५ चा पट्टा वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतो. दुसरे, आपला पॅक १०० एमबीपीएसपेक्षा मोठा असेल तर राउटरचे पोर्ट, म्हणजे लॅनची तार जोडायच्या खाचा, गिगाबिटचे (१,००० एमबीपीएसपर्यंतचे) आहेत याची खात्री करावी, कारण स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसपर्यंतच जातात आणि वरचा पॅक घेऊनही ग्राहकाला ९०-९५ च दिसतात. सीताबर्डीच्या दुकानात विक्रेता अँटेना मोजून दाखवतो. त्या मोजणीवर जाऊ नये. महालातल्या जुन्या वाड्यांसारख्या जाड भिंतींच्या घरात तर कितीही अँटेनांचा एकच राउटर पुरत नाही. तिथे लॅनची तार मागच्या खोलीपर्यंत ओढून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यासाठी, लावणे हाच स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

नवा राउटर आणल्यावर कंपनीला ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकण्याची, म्हणजे त्याने इंटरनेट नुसते पुढे द्यावे आणि बाकीचे काम आपल्या राउटरने करावे अशी, विनंती करावी आणि पीपीपीओई जोडणी (युजरनेम व पासवर्ड टाकून सुरू होणारी) असल्यास ते दोन्ही मागून घ्यावेत. कंपनीने नकार दिला तरी अडत नाही. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवून ओएनटीचे स्वतःचे वायफाय बंद करावे.

राहिला भाड्याचा मुद्दा. समजा भाडे महिना १०० रुपये आहे; त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ११८ रुपये होतात आणि दोन वर्षांत २,८३२ रुपये जातात. हे भाडे ओएनटीचे आहे की कंपनीने दिलेल्या वेगळ्या वायफाय राउटरचे, हे लेखी विचारावे. राउटरचे असेल तर तो परत करून पोच घ्यावी आणि भाडे बंद करून घ्यावे. ओएनटीचे असेल, तर भाडे नसलेला दुसरा पॅक मागण्याचा मार्ग उरतो. अनामतीची पावती, आणि उपकरण परत करताना त्यावरील अनुक्रमांक लिहिलेली पोच, हे दोन कागद मात्र जपून ठेवावेत. अनामतीचे वाद बहुधा या कागदांच्या अभावीच लांबतात.

प्रश्न : ओळखीच्या एकाने घर बदलल्यामुळे त्याचा फायबरचा ओएनटी मला अर्ध्या किमतीत देऊ केला आहे. घ्यावा का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : तो ओएनटी त्यांचा स्वतःचा आहे की कंपनीचा, हे आधी पाहावे. कंपनीने दिलेले उपकरण विकण्याचा त्यांना अधिकार नाही, आणि जोडणी बंद करताना कंपनी ते परत मागणारच. शिवाय अशा उपकरणात बहुधा त्या कंपनीचेच सॉफ्टवेअर भरलेले असते आणि ते दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही. स्वतः विकत घेतलेला असल्याचे बिल त्यांच्याकडे असेल, आणि तो क्रमांक नोंदवून घेण्यास आपली कंपनी तयार असेल, तरच विचार करावा.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आमचा राउटर वारंवार बंद पडतो, संध्याकाळी आपोआप सुरळीत होतो. नवा घ्यावा का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : घाई करू नये. घरगुती राउटर सहसा ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. राउटर माळ्यावर, टीव्हीच्या मागे किंवा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर तो आतल्या खोलीत, मोकळ्या हवेत आणावा. मात्र कुलरच्या थेट झोतासमोर ठेवू नये, कारण ती हवा गार असली तरी ओलसर असते आणि पॉवर ॲडॉप्टरच्या पिनांवर गंज चढतो. जागा बदलूनही त्रास राहिला तर राउटरआधी ॲडॉप्टर तपासावा. त्यावर छापलेल्या व्होल्ट आणि अँपिअरच्या आकड्यांशी जुळणारा नवा ॲडॉप्टर राउटरपेक्षा बराच स्वस्त मिळतो.