गॅरेजचं दार ‘नीट चालतंय’ म्हणजे सुरक्षित आहे का?

गॅरेजच्या मोटरवर चालणाऱ्या दारांविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा समोर येतो. सेन्सर (दाराच्या दोन बाजूंमधला अदृश्य किरण कशाने अडला की बंद होणारं दार परत वर नेणारी सोय) बसवलाय म्हणजे काळजी मिटली, आणि दार वर-खाली होतंय म्हणजे ते ठणठणीत आहे, असं बहुतेकांनी धरून चाललेलं असतं. दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत. खालची उत्तरं आडव्या फळ्या जोडून बनवलेल्या, ट्रॅकवरून छताखाली सरकणाऱ्या दारांना धरून आहेत.

प्रश्न : सेन्सरची तपासणी किती दिवसांनी करावी?

महिन्यातून एकदा. दार खाली येत असताना केरसुणीचा दांडा किंवा रिकामा खोका किरणाच्या रेषेत सरकवा. दार थांबून परत वर गेलं पाहिजे. हात किंवा पाय घालून तपासू नका.

प्रश्न : सेन्सर व्यवस्थित काम करतो. मग दाराखाली लाकूड ठेवून वेगळी चाचणी कशाला?

कारण सेन्सर आणि दार टेकल्यावर उलटं फिरणं या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि एक चालते म्हणून दुसरी चालते असं होत नाही. सेन्सर जमिनीपासून फार तर १५ सेंटीमीटरवर असतो. त्याला तेवढी एकच रेष दिसते. गाडी दारात मध्येच उभी असेल तर किरण तिच्या चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेतून आरपार जातो आणि दार सरळ गाडीवर उतरतं. जमिनीवर पालथं झोपलेलं मूलही त्या रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे असू शकतं. अशा वेळी दार कशालातरी टेकल्याबरोबर उलटं फिरणं, हीच शेवटची सोय उरते.

चाचणी सोपी आहे. साधारण ४ सेंटीमीटर जाडीची फळी दाराच्या मध्यभागी जमिनीवर आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकल्यापासून दोन सेकंदांच्या आत ते वर जायला लागलं पाहिजे. फळीऐवजी उशी, गुंडाळलेली सतरंजी असलं मऊ काही नको, ते दबतं. पातळ पुठ्ठाही नको. जमीन आली असं समजून मोटर शेवटच्या अगदी थोड्या अंतरात अडथळ्याकडे दुर्लक्ष करते, म्हणून जाडी महत्त्वाची. दार उलटलं नाही तर मोटरचा प्लग काढा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत मोटर वापरू नका.

प्रश्न : भिंतीवरचं बटण मुलांच्या हाताला लागतं. चालेल?

नाही. ते जमिनीपासून निदान दीड मीटर उंच आणि जिथून दार पूर्ण दिसतं अशा जागी हवं. रिमोटही खेळायला देऊ नका.

प्रश्न : दार खाली येताना अर्ध्यावर थांबून परत वर जायचं. दुरुस्तीवाल्याने मोटरवरचा स्क्रू फिरवून ‘पॉवर वाढवून’ दिली. आता झकास बंद होतं, पण फळी ठेवली तर तिला दाबतच राहतं. सेन्सर आहे, तर एवढं चालून जाईल ना?

चालणार नाही. आज, आत्ता मोटरचा प्लग काढा. या एका प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ही ‘दुरुस्ती’ सर्रास केली जाते आणि ती केल्यावर सगळे खूश असतात.

तो स्क्रू पॉवरचा नाही. किती अडथळा जाणवला की मोटरने माघार घ्यायची, ती मर्यादा त्याने ठरते. स्क्रू फिरवला म्हणजे दार दुरुस्त झालं नाही, दाराला जास्त जोराने दाबायची मुभा मिळाली. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात अशा दाराच्या कडेचा दाब ४०० न्यूटनच्या पुढे जाऊ नये, आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत बराच उतरला पाहिजे, असं म्हटलंय. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोंचा भार. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरना टेकल्यावर उलटण्याच्या जोडीला सेन्सरसारखी दुसरी सोय सक्तीची झाली. दोन्ही हव्यात हे लहान मुलांचे जीव गेल्यावर ठरलं आहे. तुमच्याकडे आता त्यातली एकच उरली आहे.

मुळात दार माघार का घेत होतं, हा खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. रुंद लोखंडी दार शंभर किलोपर्यंत, कधी त्याहून जास्तही भरतं. ते मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. दार आणि स्प्रिंग ही तराजूची दोन पारडी आहेत आणि मोटर फक्त बोट लावते. नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य सुमारे १०,००० फेऱ्यांचं धरलं जातं. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तरी सातेक वर्षांत ती संपते. ती सैल होत जाते, ट्रॅक वाकतो, एखादा रोलर अडतो, आणि मोटर ते सगळं निमूटपणे ओढत राहते. घरातल्यांना काहीच कळत नाही. दाराचं मध्येच परत फिरणं ही ओरड होती. स्क्रू फिरवून ती बंद केली गेली.

दाराचा तोल तुम्हाला स्वतः पाहता येतो. आधी दार पूर्ण बंद करून स्प्रिंग आणि केबल लांबूनच नीट बघा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकाच जागी मोठी फट दिसली किंवा केबलचे तंतू सुटलेले दिसले तर पुढे काहीच करू नका. सगळं ठीक असेल तर मोटरचा प्लग काढा, मोटरच्या पट्टीवरून लोंबणारी लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा आणि हाताने उचला. जड वाटलं तर तिथेच थांबा. अर्ध्यावर आणून हात अलगद सैल करा, पण बाजूलाच ठेवा. दार तिथेच राहिलं पाहिजे. खाली घसरलं किंवा वर उसळलं, तर तोल बिघडलाय आणि तंत्रज्ञ बोलवायला हवा. तो आल्यावर क्रम असा सांगा : आधी तोल, मग ट्रॅक आणि रोलर, मग फोर्सचा (माघारीच्या मर्यादेचा) तो स्क्रू मूळ जागी, आणि जाण्याआधी तुमच्यासमोर फळीची चाचणी. चाचणी न करता पैसे मागणाऱ्याला थांबवा.

प्रश्न : दार जड झालंय. विक्रेता म्हणतो जास्त ताकदीची मोटर घ्या.

वरचं उत्तर वाचा. जड दाराला मोठी मोटर लावणं म्हणजे आजार तसाच ठेवून जास्त जोराचा धोका विकत घेणं. आधी तोल तपासून घ्या. बऱ्याचदा मोटर बदलायची गरजच पडत नाही, आणि हे विक्रेत्यालाही माहीत असतं.

प्रश्न : उन्हाच्या वेळी सेन्सर दार बंदच होऊ देत नाही. दोन्ही सेन्सर समोरासमोर टेपने चिकटवून वर ठेवले तर चालतं असं ऐकलं.

दार चालतं, सेन्सर मेलेला असतो. असलं ऐकीव शहाणपण घरात आणू नका. भिंगं मऊ कापडाने पुसा, दोन्ही डोळे एका रेषेत आहेत का आणि त्यांचे दिवे स्थिर आहेत का ते पाहा. ऊन ज्याच्या डोळ्यात शिरतं तो किरण घेणारा सेन्सर असेल, तर दोघांच्या जागा तंत्रज्ञाकडून बदलून घ्या. तोवर भिंतीवरचं बटण दाबून धरून, दारावर नजर ठेवून ते बंद करता येतं.

प्रश्न : कोणतं तेल घालावं?

बिजागऱ्या, स्प्रिंग आणि लोखंडी रोलरच्या बेअरिंगवर सिलिकॉन स्प्रे किंवा लिथियम ग्रीस, वर्षातून दोनदा. ट्रॅक फक्त पुसा.

प्रश्न : वीज गेल्यावर लाल दोरी कधीही ओढली तर चालते का?

शक्यतो दार बंद असतानाच. दार वर असताना स्प्रिंग तुटलेली असेल तर दोरी ओढताच सगळं वजन खाली कोसळतं. दार वरच अडकलं असेल आणि स्प्रिंगची खात्री नसेल तर तंत्रज्ञाला फोन करा आणि खालून ये-जा बंद ठेवा.

प्रश्न : व्हिडिओ पाहून स्प्रिंग स्वतः बदलता येईल?

नाही.

प्रश्न : आमच्या दाराला ट्रॅकच्या बाजूने लांब ताणल्या जाणाऱ्या दोन स्प्रिंगा आहेत. त्यांच्या आतून केबल जाते असं वाचलं, आमच्याकडे दिसत नाही.

मग ती नाहीच. ताणलेली स्प्रिंग तुटली की तिचा तुकडा गॅरेजभर फेकला जातो, तो अडवण्यासाठी ती केबल असते. याच आठवड्यात बसवून घ्या, आणि दोन्ही स्प्रिंगा जुन्या असतील तर त्याच वेळी जोडीने बदला. तोपर्यंत दार चालू असताना कुणालाही स्प्रिंगांच्या रेषेत उभं राहू देऊ नका.