नग्न राहिल्याने शरीराची लाज खरंच कमी होते का?

तुम्ही विचारलंय की नॅचरिझमने, म्हणजे चारचौघांत विवस्त्र वावरल्याने, स्वतःच्या शरीराची लाज जाते का, आणि भारतात हे कुठे जमेल. पहिल्याचं उत्तर: हो, माझी गेली. बऱ्यापैकी.

१३व्या वर्षी माझ्या अंगावर कोड उठलं. आधी डावा खांदा, मग पाठ, मांडी. सांगलीच्या घरी आई बावचीचं तेल लावून मला गच्चीवर उन्हात बसवायची. दाराला कडी, शेजारच्यांच्या बाजूला चादर वाळत घातलेली. फोड यायचे, डाग तसेच. आत्याने फतवा काढला: बाही मनगटापर्यंत, गळा बंद, पोहण्याचा क्लास बंद. "लग्नाचं बघायचंय अजून!" लग्न झालं (नवऱ्याला आधीच सांगितलं होतं, त्याने 'बरं' म्हणून पोहे संपवले), पण बाही काही वर गेली नाही.

मग आम्ही म्युनिकला आलो. इथल्या बहुतेक सौनांत, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या लाकडी खोल्यांत, पोहण्याचे कपडेही चालत नाहीत. बायका-पुरुष एकत्र, सगळे नागडे. ऑफिसातली मैत्रीण दोन वर्षं मागे लागली तेव्हा कुठे गेले. काखेपासून गुडघ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून बसले होते. पाच मिनिटांत जीव नकोसा झाला, टॉवेल सोडून खाली अंथरला. तेवढ्यात समोरच्या सत्तरीच्या आजीबाई माझ्याकडे बोट करून कडाडल्या. पोटात गोळाच आला. म्हटलं, दिसलं हिला. मैत्रीण हळूच म्हणाली, "टाच." माझी टाच टॉवेलबाहेर, लाकडावर होती! लाकडाला घाम लागू द्यायचा नाही, हा इथला कडक नियम. मी पाय आत घेतला, आजीबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या बेंबीखाली टाक्यांची जाड शिवण होती. तिच्याकडे मीही क्षणभरच पाहिलं असेल.

एवढंच घडलं. तेव्हापासून बहुतेक दर हिवाळ्यात जाते. सुटलेली पोटं, लोंबती कातडी, व्रण बघून बघून आपले डाग त्यातलेच एक होऊन जातात. कीऑन वेस्ट या मानसशास्त्रज्ञाचा २०१८चा अभ्यास आहे. त्यात ८४९ ब्रिटिश लोकांना विचारलं, तर असं विवस्त्र जास्त वावरणारे स्वतःच्या शरीरावर जास्त खूश निघाले. मुळातच खूश असलेले लोक तिकडे जात असतील, असंही म्हणता येईल. मी मुळात नव्हते.

आत्याला कळलं तेव्हा म्हणाली, गोऱ्यांची थेरं. मी तिला ठाण्याचं सांगितलं. १८९१मध्ये तिथे क्रॉफर्ड नावाच्या न्यायाधीशाने 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली होती, सभासद तीन. आता तोही गोराच, म्हणजे मुद्दा तिचाच सिद्ध झाला, पण ठाणं तर आपलं ना!

लांब बाह्या शिवून देणाऱ्या आयांनो, आत्यांनो, कोड संसर्गजन्य नाही. तुमची भीती मात्र पोरींना हमखास लागते.

हो, दुसरा प्रश्न राहिलाच. गोव्याच्या किनाऱ्यावर प्रयोग करू नका, भारतीय न्याय संहितेचं २९६ कलम (सार्वजनिक जागी अश्लील कृत्य) मागे लागेल. आणि कोड असेल तर सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात बसू नका, डाग भाजतात.

मागच्या मे महिन्यात भाच्याच्या लग्नात मी बिनबाह्यांचा ब्लाउज घातला. आत्याने शाल पुढे केली, "घे गं अंगावर."

"आत्या, चाळीस डिग्री आहे."

तिने शालीची घडी केली आणि तिच्यावरच बसली.