नदीच्या लाल पाण्यासाठी उपमा घ्यावी की अपन्हुती?

गोव्यातील डिचोली येथील वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलीचे 'खाणी आणि नदी' या विषयावरील भाषण बसवताना आपण विचारले आहे, की पावसाळ्यात लाल होऊन वाहणाऱ्या नदीसाठी उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती यांपैकी कोणताही अलंकार घेतला तरी काय बिघडते, कारण चारहींत उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते) पाणी आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) रक्तच आहे. माझ्या मते बरेच बिघडते. 'सारखे', 'जणू' हे शब्द पाहून अलंकार ओळखणे परीक्षेपुरते ठीक. वक्त्याने मात्र तो अलंकार श्रोत्याकडून किती मान्य करून घेऊ पाहतो, हे आधी पाहावे.

'पाणी रक्तासारखे लाल झाले आहे' या उपमेत साम्य केवळ रंगाचे आहे आणि ज्याने ती नदी पाहिलेली नाही, त्याच्याही डोळ्यांसमोर ते उभे राहते. 'जणू डोंगराची जखमच वाहते आहे' ही उत्प्रेक्षा. ही कल्पना आहे हे 'जणू'मुळे कळते, म्हणून खाणीवर पोट असलेला श्रोताही ती शांतपणे ऐकून घेतो. रूपकात, म्हणजे 'पाणी हे डोंगराचे रक्तच आहे' असे थेट म्हणताना, ही सवलत उरत नाही. अपन्हुती त्याही पुढे जाते: 'हे पाणी नव्हे, डोंगराचे रक्त आहे.' येथे उपमेयच नाकारले जाते आणि ज्याचे मन अजून वळलेले नाही, तो लगेच मनात म्हणतो, 'पाणीच आहे ते, खनिजाची माती मिसळलेले.' म्हणून ही ओळ आरंभी नको. आटलेले झरे आणि शेतात साचलेला गाळ यांचे वर्णन झाल्यावर तीच ओळ सभेला हलवून सोडील.

अतिशयोक्तीबाबत मी अधिक कडक आहे. 'गोव्यात एकही डोंगर उरला नाही' हे वाक्य ऐकताना परीक्षकाला खिडकीतून डोंगर दिसत असतो. कवितेत कोणी पुरावा मागत नाही, पण सार्वजनिक प्रश्नावरील भाषणात मागतात. तेथे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गोव्यातील ८८ खाण लीजांचे नूतनीकरण रद्द केले, हे साधे विधान अधिक वजनदार ठरते.

उत्तर अपेक्षित नसलेल्या प्रश्नाचेही तसेच आहे. 'खाणी हव्यातच कशाला?' असे डिचोलीत विचारले, तर सभा दुभंगते. 'या गाळात भात पिकेल का?' या प्रश्नाला मात्र दोन्ही बाजूंच्या मनात एकच उत्तर येते; तो विचारून झाल्यावर मुलीला क्षणभर थांबायला सांगा.