क्लबसाठी बेताचाच वाटणारा जर्मन आघाडीपटू मिरोस्लाव क्लोझे फुटबॉल विश्वचषकात इतका यशस्वी कसा ठरला?

आपल्या प्रश्नातले गृहीतक मला अर्धेच मान्य आहे. वेर्डर ब्रेमेन या जर्मन क्लबकडून क्लोझेने 89 लीग सामन्यांत 53 गोल केले आणि 2005-06 च्या हंगामात 25 गोलांसह तो बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, सर्वाधिक गोल करणारा ठरला. अशा खेळाडूला बेताचा म्हणणे अन्यायाचे होईल. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र त्यानंतरची बायर्न म्युनिकमधली चार वर्षे, आणि तिथे 98 लीग सामन्यांत त्याचे 24 गोल झाले, हेही खरे.

त्यातही 2009-10 चा हंगाम विशेष पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी प्रशिक्षक लुई फान खाल यांच्या संघात त्याचे स्थान पक्के नव्हते आणि संपूर्ण बुंडेसलीगा हंगामात त्याला केवळ 3 गोल करता आले. हंगाम संपताच तो दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकासाठी गेला आणि तिथे पाच सामन्यांत त्याने 4 गोल केले. त्या पाचांपैकी सर्बियाविरुद्धच्या सामन्यात तर मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड मिळून तो बाहेर गेला होता. काही आठवड्यांत कोणाचे कौशल्य एवढे वाढत नाही. माझ्या मते त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम बदलले होते.

क्लोझे चेंडू घेऊन चार जणांना चकवणारा आघाडीपटू कधीच नव्हता. अचूक वेळी घेतलेली उडी, बचावपटूच्या नजरेआड राहून गोलसमोर पोहोचणे आणि एका स्पर्शात चेंडू जाळ्यात धाडणे ही त्याची खरी शस्त्रे, आणि त्यांसाठी चेंडू वेळेवर मिळावा लागतो. बायर्नमध्ये रॉबेन आणि रिबेरी हे आघाडीचे खेळाडू कडेवरून आत वळून बहुधा स्वतःच फटका मारत असत. याउलट प्रशिक्षक योआखिम ल्योव यांच्या जर्मन संघात ओझिल, म्युलर आणि पोडोल्स्की चेंडू झटपट पुढे सरकवत, आणि त्या चालींच्या टोकाला क्लोझे असे. शिवाय राष्ट्रीय संघाला सरावासाठी फार थोडे दिवस मिळतात. अशा वेळी ज्याच्या हालचाली इतरांच्या अंगवळणी पडल्या आहेत तो खेळाडू, क्लबचा हंगाम वाईट गेला असला तरी, प्रशिक्षकाला हवासा वाटतो.

2002 च्या विश्वचषकात त्याने केलेले पाचही गोल डोक्याने मारलेले होते, आणि त्यांतले तीन सौदी अरेबियाविरुद्धच्या 8-0 अशा एकतर्फी सामन्यातले, म्हणून काही जण ते कमी लेखतात. तो आक्षेप मला फारसा पटत नाही, कारण 2006 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनी पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल त्यानेच केला आणि 2010 मध्ये इंग्लंडविरुद्ध गोलरक्षक नॉयरने लांबवर मारलेल्या किकवर बचावपटूला खांद्याने रेटत पहिला गोलही त्याचाच होता.

हे सारे वीस वर्षांचा होईपर्यंत जर्मनीतल्या अगदी खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या, सुतारकामाचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलाने केले. पोलंडमधल्या ओपोले येथे 1978 मध्ये जन्मलेल्या या खेळाडूला पोलंडच्या प्रशिक्षकांनीही विचारले होते, पण त्याने जर्मनीची निवड केली आणि मार्च 2001 मध्ये अल्बानियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटांत विजयी गोल केला.

बायर्ननंतर लाझिओकडे गेल्यावर इटलीच्या लीगमध्ये त्याने 54 गोल केले. ब्राझीलमधल्या 2014 च्या विश्वचषकाला तो गेला तेव्हा वय 36 होते. उपांत्य सामन्यात यजमानांविरुद्ध त्याचा पहिला फटका गोलरक्षकाने अडवला, परत आलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला आणि विश्वचषकातल्या आपल्या 16 व्या गोलासह ब्राझीलच्या रोनाल्डोचा सर्वाधिक विश्वचषक गोलांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात 88 व्या मिनिटाला तो बाहेर आला; त्याच्या जागी उतरलेल्या मारिओ ग्योट्झेने जादा वेळेत जर्मनीचा विजयी गोल केला, आणि 137 सामने व 71 गोलांनंतर क्लोझे पुन्हा राष्ट्रीय संघाकडून खेळला नाही.