घानाला निघालात? आधी सुई, मग सुटकेस

(पश्चिम आफ्रिकेबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर बहुतेक पत्रं घानाचीच आली, म्हणून यावेळी फक्त घाना.)

प्रश्न : ताई, मुलगा घानात तेमाला नोकरीला आहे. डिसेंबरात आम्ही दोघं दीड महिन्यासाठी चाललोय. माझं वय 63, यांचं 67, यांना बीपी आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. तिकडे खायचं काय आणि इथून काय काय न्यायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काकू, अख्खं पत्र खाण्यावर आहे आणि इंजेक्शनचा शब्द नाही, म्हणून आधी तेच. घानात शिरायला यलो फिव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, आणि खरी गंमत परत येताना आहे. आपल्याकडे हा रोग नाही पण तो पसरवणारा डास भरपूर आहे, त्यामुळे आपलं सरकार याबाबतीत फार कडक आहे. सर्टिफिकेट नसेल तर मुंबईला उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, मग तुम्ही कितीही ठणठणीत असा. ही लस कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो आणि घेतल्यावर 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं. म्हणजे आठवडाभर आधी जाग आली तर उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. त्या सर्टिफिकेटच्या पिवळ्या कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून तपासा आणि कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये ठेवा.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते, अगदी थोड्यांनाच होतो पण होतो, म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांना दोघांच्या सगळ्या गोळ्या दाखवा आणि केंद्रावरही वय, आजार स्पष्ट सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर सूट असल्याचं पत्र मिळतं, पण त्या पत्रावर परतताना आपल्या विमानतळावर काय करतील हे तिकीट काढायच्या आधी विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात विचारून घ्या. अजून एक, ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर सांगायलाच हवं, आणि प्रश्न ॲलर्जीचा नसून नेमाचा असेल तर काकांशी घरीच बोलून घ्या, केंद्रावर रांगेत वाद नको!

खाण्याचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही. राजधानी अक्रात सिंधी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहेत, डाळी, कणीक, मसाले मिळतात आणि तेमाहून अक्रा जवळच आहे. भेंडी मिळते, पांढरी-पिवळी छोटी वांगी मिळतात, केळी-अननस तर विचारू नका. तिथलं वाचे म्हणजे भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, रेड रेड म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेलं पिकं केळं, केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेलं केळं. मात्र नुसतं 'व्हेज आहे का' विचारून थांबू नका. बऱ्याच जणांच्या हिशोबात मासे म्हणजे मांस नाही, उसळीत सुकी मासळी असू शकते, जोलॉफ भात मटणाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि शितो नावाची काळी चटणी दिसायला आपली वाटते पण तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते. 'मासे नाही, मांस नाही, कोळंबी नाही' असं एकेक नाव घेऊन विचारा. इथून गोडा मसाला, मेतकूट, भाजणी एवढंच न्या. उपासाला साबुदाणा सापडला नाही तरी तो ज्या कंदापासून होतो तो कसावा तिथे ढिगाने आहे, उकडून खाता येतो (कच्चा मात्र कधीच खायचा नाही).

डिसेंबरात सहाराकडून हरमाटान वारा सुटतो, हवेत धूळ असते, ओठ-टाचा फुटतात. काकांना दम्याचाही त्रास असेल तर पंप न्या, आणि बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या प्लस पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट. आणि फोन करताना आपण साडेपाच तास पुढे, इथे रात्री साडेनऊ तर तिकडे दुपारचे चार.

प्रश्न : कंपनी तीन महिन्यांसाठी कुमासीच्या साइटवर पाठवतेय. तिथले सहकारी म्हणतात मलेरियाच्या गोळ्या वगैरे काही लागत नाहीत, आम्ही कुठे घेतो. खरंय का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : त्यांच्यापुरतं खरं आहे, तुझ्यापुरतं नाही. लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन त्यांच्या अंगात थोडीफार ताकद आलेली असते, तुझ्यात ती शून्य. शिवाय तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. क्लोरोक्विन तिथे चालत नाही, त्यामुळे घरातली जुनी स्ट्रिप घेऊन जाऊ नकोस. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतील, ती निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायची आणि परत आल्यावरही 4 आठवडे चालू ठेवायची, लोक नेमकं इथेच सोडतात. पोटभर जेवून भरपूर पाण्यासोबत घे, उन्हात कातडी लवकर भाजते ते लक्षात ठेव. संध्याकाळनंतर फुल बाह्या, रात्री मच्छरदाणी. आणि परतल्यावर महिना-दोन महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच, 'मी घानाहून आलोय', कारण चिंचवडचा डॉक्टर आपणहून डेंग्यूच शोधणार.

बाकी बारीकसारीक. मिलिटरी प्रिंटची कार्गो पँट घरी ठेव, तिथे सामान्य माणसाने तसले कपडे घालणं बेकायदा आहे. आपली तीन गोल पिनांची प्लग बऱ्याच ठिकाणी बसते, तरी चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर असू दे. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नकोस, पासपोर्टवर सिम घेऊन मोबाईल मनी सुरू कर, टपरीपर्यंत तेच चालतं. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नकोस (आज्जीने शिकवलंच असेल), आणि कामाचं बोलायच्या आधी नमस्कार-चमत्कार, थेट मुद्द्यावर येणारा माणूस तिथे उद्धट वाटतो. अक्रा-कुमासी रस्ता रात्रीचा टाळ, वाघ-सिंहांपेक्षा भीती त्या हायवेची बाळग.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी दहा दिवस फिरायला जायचं म्हणतोय, काय पाहू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे टाळा, परदेशातले घानावाले सगळे तेव्हाच घरी येतात आणि हॉटेलचे भाव आभाळाला. जानेवारी-फेब्रुवारी बरा. गोव्याच्या आहात तर एल्मिनाचा किल्ला चुकवू नका, पोर्तुगीजांनी तो 1482 साली बांधायला घेतला, म्हणजे गोवा घ्यायच्याही आधी. तिथून थोड्याच अंतरावर केप कोस्टचा किल्ला. दोन्हीकडे गुलाम म्हणून विकलेल्या माणसांना कोंडलेल्या कोठड्या आहेत, तिथे हसत सेल्फी काढत बसू नका, गाइडचं शांतपणे ऐका, दिवसभरात दुसरं काही ठेवू नका. जवळच काकुमच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल आहे. हत्ती बघायचे तर उत्तरेत मोलेच्या अभयारण्यात, कोरड्या दिवसांत पाणवठ्यावर येतात, तामालेपर्यंत विमानाने जा. अगदी उत्तरेकडचं बावकू आणि बुर्किना फासोची सीमा सध्या नकोच. समुद्र दिसतो आपल्यासारखा पण ओढ भयंकर आहे, गुडघ्याच्या वर जाऊ नका. व्हिसाचं दिल्लीच्या घाना हायकमिशनकडून विचारा, नियम बदलतात.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक जण बाजारापेक्षा 20 टक्के स्वस्त घानाचं सोनं देतो म्हणतोय, एकदा अक्राला येऊन माल बघा म्हणतो. जाऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका जाऊ. घानात सोनं खूप निघतं म्हणून ही थाप पटते. आधी खरं सोनं दाखवतात, मग टॅक्स, मग कस्टम्स, मग कुणाची तरी सही, दरवेळी थोडे पैसे आणि माल कधीच नाही. शिवाय मे 2025 पासून तिथल्या स्थानिक बाजारात परदेशी माणसाला सोन्याची खरेदी-विक्री करायलाच बंदी आहे, व्यवहार सरकारी गोल्ड बोर्डामार्फत होतात. नंबर ब्लॉक करा, आणि ॲडव्हान्स दिला असेल तर आजच सायबर पोलिसांकडे 1930 वर फोन करा.