बायोप्सीची बरणी कुणाच्या हातात?

गाठ काढल्यापासून रिपोर्ट मिळेपर्यंत तुकड्याचं काय होतं, याबद्दल पॅथॉलॉजिस्टला वर्षभर तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. रिपोर्टचा फोटो पाठवून ‘काळजीचं काही आहे का’ असं विचारणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. फोटोवरून मी काहीही सांगणार नाही.

प्रश्न : पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशी तपासण्याच्या) काचेवर नाव पेन्सिलीने का लिहितात? पुसलं जाणार नाही का? (कर्वेनगर)

नाही. काच अल्कोहोलमध्ये बुडवतात. पेनाची शाई त्यात धुऊन जाते, पेन्सिल राहते.

प्रश्न : सुई लावली की गाठ चवताळते आणि कॅन्सर पसरतो, असं सगळेच सांगतात. वडिलांची बायोप्सी करावी का? (हडपसर)

सगळे म्हणजे कोण? बहुतेक गाठींत सुईमुळे कॅन्सर पसरण्याचा धोका अगदी नगण्य असतो, आणि निदानच नसेल तर उपचार कशाच्या आधारावर ठरवायचे? काढे आणि लेप करण्यात चार महिने जातात, तेवढ्यात गाठ वाढते आणि नाव सुईचं होतं. अंडकोषाच्या किंवा अंडाशयाच्या संशयित गाठी सर्जन सहसा टोचत नाहीत, अख्ख्या काढतात, हे खरं. पण तो निर्णय सर्जनचा, सोसायटीतल्या कट्ट्याचा नव्हे. या आठवड्यातच त्यांना भेटा.

प्रश्न : एका लॅबची जाहिरात ‘24 तासांत बायोप्सी रिपोर्ट’ अशी आहे. आमची लॅब पाच दिवस मागते. बदलू का? (बाणेर)

एंडोस्कोपीचा तांदळाएवढा तुकडा असेल तर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट देता येतो. अख्खं गर्भाशय किंवा आतड्याचा भाग असेल तर ती जाहिरात विसरा. फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा कुजू न देणारं रसायन, त्यात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि जागा वितळलेल्या मेणाने भरायची. यंत्राची रात्र यातच जाते. सकाळी मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. जास्तीचे रंग किंवा इम्युनो (पेशींतली ठरावीक प्रथिनं अँटिबॉडीने शोधणारी तपासणी) लागलं की आणखी दिवस.

घाई करणारे वेळ कापतात तो फॉर्मॅलिनमधला. अर्धवट मुरलेला तुकडा पुढे ढकलला की पेशींची केंद्रकं धूसर दिसतात आणि निदान अडतं. ऑपरेशन चालू असताना 15-20 मिनिटांत उत्तर देणारं फ्रोझन सेक्शन वेगळं. तिथे तुकडा उणे 20 अंशांच्या आसपास गोठवून कापतात. ते सर्जनच्या एखाद्या नेमक्या प्रश्नापुरतंच असतं आणि आधी ठरवावं लागतं. लॅब बदलायची की नाही, हे सर्जनशी बोलून ठरवा.

प्रश्न : आईच्या स्तनातली गाठ शनिवारी संध्याकाळी काढली. बरणी आमच्या हातात दिली, पण लॅब बंद होती, म्हणून फ्रीजमध्ये ठेवली आहे. द्रव गाठीच्या निम्म्यापर्यंतच आहे. तो फॉर्मॅलिन आहे की सलाइन, कळत नाही. सोमवारी दिली तर चालेल ना? (धायरी)

वाचणं थांबवा आणि आधी सर्जनना फोन करा. बरणीत काय आहे, ते त्यांनाच विचारा. झाकण उघडून वास घेऊ नका, वरून नळाचं पाणी ओतू नका, स्वतः काही कापू नका. आत फॉर्मॅलिन असेल तर बरणी फ्रीजमधून काढा. थंडीने त्याचं काम मंदावतं, आणि भाजीच्या शेजारी ते विष नकोच. सलाइन असेल तर पुढे काय करायचं ते सर्जन सांगतील, आणि ते आजच.

आता ज्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी. रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी विरघळायला लागतात. ते थांबवतं फॉर्मॅलिन. सलाइन नाही, स्पिरिट नाही, मोकळी पिशवी तर नाहीच. 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट. स्तनाच्या गाठीला घड्याळ लागलेलं असतं : काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि तिथे किमान 6, जास्तीत जास्त 72 तास. इआर, पीआर (दोन्ही हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींच्या वाढीशी जोडलेलं प्रथिन) या तपासण्यांवर पुढची औषधं ठरतात. तुकडा सलाइनमध्ये कुजला तर पॉझिटिव्ह असलेलं इआर निगेटिव्ह दिसू शकतं, आणि ज्या बाईला हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडल्या असत्या, तिला त्या मिळत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, त्या उन्हात स्कूटरला लटकवून आणलेल्या तुकड्याचं काय होत असेल?

मोठी गाठ अख्खी बुडवली तर बाहेरचा थर घट्ट होतो आणि गाभा सडतो. म्हणून कडांना शाई लावून तिला काप द्यावे लागतात. ते काम सर्जनचं किंवा आमचं. बरणीही रुंद तोंडाची हवी. निमुळत्या बाटलीत मऊ गाठ दाबून कोंबता येते, पण फॉर्मॅलिनमध्ये कडक झालेली गाठ त्याच तोंडातून बाहेर येत नाही, मग टेबलावर बाटलीच कापावी लागते. आणि नाव झाकणावर लिहू नका! आमच्या टेबलावर पाच बरण्या उघडल्या की पाच झाकणं बाजूला पडलेली असतात. नाव बरणीच्या अंगावर हवं. सोबत वय, अवयव, डावा की उजवा आणि गाठ काढल्याची वेळ. फॉर्मवर वेळेचा रकाना बहुतेकदा कोराच येतो, आणि चिडायला मला तेवढं पुरतं. नातेवाइकांना बरणी देऊन मोकळं होणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारा : फॉर्मॅलिनमध्ये कोण टाकणार, नेणार कोण, आणि शनिवार असेल तर लॅबमध्ये कोण घेणार?

आणि धायरीकर, तुमच्या बरणीत पुरेसं फॉर्मॅलिन असेल, तर सोमवारी सकाळपर्यंत वेळेचं गणित बसतं. नसेल तर नाही.

प्रश्न : मानेतली गाठ काढणार आहेत, टीबीची शंका आहे. डॉक्टर म्हणतात अर्धी गाठ सलाइनमध्ये द्या. पण तुम्ही तर सलाइनच्या विरोधात! (भोसरी)

तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) ते जिवंत लागतात. म्हणून एक भाग निर्जंतुक डबीत, निर्जंतुक सलाइनमध्ये, लगेच मायक्रोबायॉलॉजीला, आणि दुसरा फॉर्मॅलिनमध्ये आमच्याकडे. किडनीच्या बायोप्सीतही इम्युनोफ्लुरोसन्सचा (चमकणाऱ्या रंगाच्या अँटिबॉडी वापरून करायच्या तपासणीचा) तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकत नाहीत. कुठला भाग कशात, हे ऑपरेशनआधी सर्जनकडून लिहून घ्या.

प्रश्न : डीएमएलटीचा (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा) विद्यार्थी आहे. माझ्या सेक्शनला (ब्लॉकमधून कापलेल्या पापुद्र्याला) उभी चीर पडते, कधी आडव्या लाटा येतात. (शिवाजीनगर)

उभी चीर बहुतेकदा पात्याला खाच पडल्यामुळे येते. पातं सरकवा किंवा बदला. लाटा आल्या तर पातं किंवा ब्लॉक सैल आहे का बघा, ब्लॉक बर्फावर ठेवा. तरी आल्या तर तुकडा अल्कोहोलमध्ये जास्त कडक झाला असेल. सीनिअर टेक्निशियनच्या शेजारी उभं राहून त्यांचे हात बघा. व्हिडिओ बघणं आता थांबवा.

प्रश्न : मुंबईला टाटा मेमोरिअलमध्ये सेकंड ओपिनियन घ्यायचंय. स्लाइड नेऊ की ब्लॉक? (चिंचवड)

दोन्ही न्या, रिपोर्टची प्रतही. लॅबच्या वहीत नोंद करून न्या आणि ब्लॉक परत आणून द्या. उन्हात डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.

प्रश्न : हाडाच्या बायोप्सीला दहा दिवस झाले. लॅबवाले टाळतायत का? (वारजे)

हाड कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम आम्लात किंवा इडीटीएमध्ये (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणाऱ्या रसायनात) काढावं लागतं. इडीटीएला आठवडेही लागतात. तुमचं कशात आहे ते लॅबला फोन करून विचारा, आणि तोवर ऑर्थोपेडिक डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.